माझा रोग साठ लेव्हलचा आहे: ओपनरनंतर मरायचं कसं नाही

ज्यांना पॉडकास्टचा हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. शब्दाला शब्द नाही. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे गाळलेत, तरी काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आधी नावाचा घोळ मिटवतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला 'रोग' म्हणजे दबा धरून बसणारा, दोन हातांत दोन सुरे घेतलेला भामटा. मराठीत रोग म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. २०२० मध्ये मी घरून काम करत होतो तेव्हा मित्राला फोनवर म्हणालो, "माझा रोग आज साठवर पोचला!" पुढच्या मिनिटाला आई ऑक्सिमीटर घेऊन दारात उभी. आणि आज ज्याच्याशी लढायचंय तो 'मेज', म्हणजे जादूगार. टेबल नव्हे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. तो म्हणतो, "मी स्टेल्थमधून जातो, ओपनर बरोबर लागतो, समोरच्याचं अर्धं हेल्थ जातं, आणि मग मीच मरतो. दर वेळी. रोग सोडून देऊ का?" सोडू नकोस बाबा. माझंही वर्षभर हेच चाललं होतं. मी बोलतोय ते क्लासिकबद्दल, म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्ये आलेली जुन्या गेमची आवृत्ती, जिथे साठ ही शेवटची लेव्हल आहे. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये बरेच आकडे बदललेत.

मला उमगलेली गोष्ट एवढीच: रोगचं खरं हत्यार सुरा नाही, एनर्जी आहे. आणि ती खर्च करायच्या आधी थांबता आलं पाहिजे.

आता हिशेब करू. एनर्जी जास्तीत जास्त १००. ती थेंबाथेंबानं भरत नाही, दर दोन सेकंदांनी एकदम २० मिळते. आपल्यातल्या बॅकएंडवाल्यांना सांगायचं तर क्रॉन जॉब समजा. याला टिक म्हणतात. चीप शॉट, म्हणजे स्टेल्थमधून मारायचा स्टन, त्याला ६० लागते आणि समोरचा चार सेकंद गार. त्यातून दोन कॉम्बो पॉइंट मिळतात. सिनिस्टर स्ट्राइकला ४५, एक पॉइंट. किडनी शॉटला २५, आणि तो किती वेळ स्टन करतो ते पॉइंटवर ठरतं: तीन पॉइंटना चार सेकंद, पाच पॉइंटना सहा. गाऊज ४५, त्यात समोरचा चार सेकंद भोवंडतो, पण फटका बसला की लगेच जागा होतो. हे सगळे आकडे टॅलेंटनं काही कमी-जास्त न करता.

आता बघा. चीप शॉट मारला, उरली ४०. सिनिस्टर स्ट्राइकला ४५ हवी, म्हणजे पाच कमी! टिकची वाट बघायची. टिक आली, ६० झाली, स्ट्राइक मारला, १५ उरली. आता किडनी शॉटला २५ हवी, म्हणजे पुन्हा टिक. ही दुसरी टिक चीप शॉटचे चार सेकंद संपायच्या आत यायला हवी. तुम्ही टिक येऊन गेल्या गेल्या ओपन केलंत, तर दुसरी टिक येते बरोबर चार सेकंदांवर, म्हणजे समोरचा सुटत असताना. तुम्ही १५ एनर्जी घेऊन किडनीचं बटण बडवताय आणि तो निघून गेलेला. टिक यायच्या जरासं आधी ओपन केलंत, तर पहिली टिक लगेच मिळते, दुसरी दोन सेकंदांनी, आणि चार सेकंद संपताना हातात ३५ असते. किडनी आरामात बसते.

म्हणजे तोच हल्ला, तीच बटणं, फक्त सुरुवात दीड-दोन सेकंद इकडे-तिकडे. स्टेल्थमध्ये एनर्जी १०० वर असते तेव्हा टिक दिसत नाही, पण ती आत चालूच असते. ती दाखवणारे ॲडऑन मिळतात. लावा. मी आधी लावलं नव्हतं, कारण 'आपण स्किलवर खेळतो' असा माज होता.

पुढची चूक याहून मोठी. किडनी बसली, समोरचा अजून चार सेकंद उभा. एनर्जी १० होती, दोन टिकांनी ५० झाली. हात शिवशिवतात. सिनिस्टर स्ट्राइक मारला की उरली ५. किडनी संपते, समोरचा मोकळा, आणि तुमच्याकडे काहीच नाही. फार तर पुढच्या टिकला २५ होईल, एक किक बसेल. श्रोत्याचा 'मग मीच मरतो' तो हाच क्षण. त्याऐवजी ती ५० धरून ठेवा. सुऱ्यांचे साधे फटके तसेही बसतच असतात. किडनी संपताना गाऊज मारा. चार सेकंद आणखी मिळाले, वर दोन टिक. त्या वेळात मागे सरका, श्वास घ्या, बघा समोरच्यानं काय काय वापरलंय. अट एकच, गाऊज मारताना त्याचं तोंड तुमच्याकडे हवं. आणि सुऱ्यावर डेडली पॉइझन असेल तर त्याच्याच चटक्यानं गाऊज तुटतो. माझ्या सुऱ्यावर क्रिपलिंग पॉइझन असतं. त्यानं समोरचा लंगडतो, ते जास्त कामाचं.

(आकड्यांचा भाग संपला. जे झोपले असतील त्यांनी उठावं.)

आता मेजबद्दल, कारण माझं सगळं शिक्षण एका मेजनं केलं. हॉस्टेलमधला रूममेट. बीटेक संपल्यावर मी पुण्यात लागलो. तो नागपूरला घरी, ऑफर लेटर हातात आणि जॉइनिंगची तारीख पुढे ढकललेली. मग पुन्हा पुढे ढकललेली. भारतात सर्व्हर नाही म्हणून आम्ही युरोपच्या सर्व्हरवर खेळायचो. दर शनिवारी रात्री ऑर्ग्रिमारच्या दरवाजाबाहेर ड्युएल. मी सलग हरायचो. आणि हरण्याचं कारण दर वेळी एकच असायचं: ब्लिंक.

ब्लिंक म्हणजे मेज स्टन असतानाही निसटतो आणि तोंड असेल त्या दिशेला वीस यार्ड पुढे जातो. कूलडाउन १५ सेकंद. मी चीप शॉट मारायचो, तो ब्लिंक करायचा, मी धावत जाऊन घाईघाईत दोन पॉइंटची किडनी मारायचो, तीन सेकंदांत ती संपायची, मग फ्रॉस्ट नोव्हानं माझे पाय गोठायचे आणि लांबून फ्रॉस्टबोल्टवर फ्रॉस्टबोल्ट. एकदा त्यानं फोनवर विचारलं, "अरे, तू किडनी इतक्या लवकर का मारतोस? मी कुठे पळून जातोय?" खरं होतं. ब्लिंक वापरून झाला होता. पुढचे १५ सेकंद त्याला स्टनमधून निघायला तोच रस्ता होता आणि तो बंद होता.

मेजविरुद्ध चीप शॉट मारायचा तो ब्लिंक उकळून काढायला. तो ब्लिंक करणारच असं धरून चला. शक्यतो त्याचं तोंड भिंतीकडे किंवा दगडाकडे असताना मारा, म्हणजे तो वीस यार्ड जाणार नाही, दोन जाईल. मग स्प्रिंट करून गाठा, क्रिपलिंग लागू द्या, पॉइंट वाढवा. पॉइंट त्याच्या अंगावर जमलेले असतात, तो पळाला म्हणून जात नाहीत, तुम्ही मध्येच दुसऱ्या कुणाला मारायला गेलात तर जातात. आणि मग चार-पाच पॉइंटची किडनी.

इथे एक नियम कामी येतो. एकाच जातीचा स्टन परत परत लावला की तो दुसऱ्यांदा अर्धा, तिसऱ्यांदा पाव होतो आणि चौथ्यांदा लागतच नाही. साधारण १५ ते २० सेकंद काही लावलं नाही की पाटी कोरी. पण क्लासिकमध्ये चीप शॉट आणि किडनी शॉट यांचा हिशेब वेगवेगळा आहे. म्हणून चीप शॉटनंतरची किडनी पूर्ण बसते. पाच पॉइंट, सहा सेकंद, आणि ब्लिंक नाही.

किकबद्दलही त्यानंच शिकवलं, स्वतःच्या नकळत. किकनं जादू तुटते आणि त्या प्रकारची जादू पाच सेकंद बंद होते. पण मेज हुशार असेल तर कास्ट सुरू करून लगेच थांबवतो. तुम्ही हवेत किक मारता, दहा सेकंद ती गेली, आणि मग तो निवांत तुमची मेंढी करतो. कास्टची पट्टी दिसली की लगेच मारू नका, अर्धी होऊ द्या. युरोपशी माझा पिंग १४० च्या आसपास असायचा, म्हणजे फार उशीर करूनही चालत नाही. याला सूत्र नाही. समोरच्या माणसाची सवय ओळखावी लागते. माझा मित्र पहिली कास्ट नेहमी खोटी टाकायचा आणि दुसरी नेहमी खरी. हे कळायला मला दोन महिने लागले.

पिंगवरून आठवलं. क्लासिकमध्ये सुरुवातीला जुन्या गेमसारखं 'बॅचिंग' मुद्दाम ठेवलं होतं. सर्व्हर तुमच्या चाली आल्या आल्या न सोडवता सुमारे ४०० मिलिसेकंदांचा गठ्ठा करून सोडवायचा. त्यामुळे दोन रोग एकमेकांना एकाच वेळी गाऊज करून दोघेही भोवंडून उभे, असले प्रकार व्हायचे. व्हॅनिशचं तर विचारू नका. तुम्ही गायब झालात आणि तेवढ्यात लागलेल्या फटक्यानं परत दिसायला लागलात. २०२१ मध्ये हा गठ्ठा १० मिलिसेकंदांवर आणला. तरी हवेत निघालेला फ्रॉस्टबोल्ट येऊन लागायचा धोका राहतोच, म्हणून व्हॅनिश बोल्ट अंगावर आदळल्यानंतर दाबा, आधी नाही.

वॉरियरबद्दल एकच सांगतो, कारण ही चूक सगळे करतात. घाबरून इव्हेजन दाबू नका. इव्हेजननं तुम्ही १५ सेकंद खूप फटके चुकवता, आणि तुम्ही फटका चुकवला की वॉरियरला ओव्हरपॉवर मिळतो, जो चुकवताच येत नाही. म्हणजे पैसे देऊन मार खाल्ल्यासारखं. वॉरलॉकविरुद्ध अंगावर त्याचे शाप जळत असताना व्हॅनिश वाया जातो, पुढच्या चटक्याला तुम्ही उघडे. पॅलाडिननं बबल लावला की निघून जा, चहा घ्या, मग या.

आता ब्लाइंड. दहा सेकंद समोरचा आंधळा. लोक याचा उपयोग पळायला करतात, मी परत सुरुवात करायला करतो. ब्लाइंड लावा, लांब जा, हात लावू नका. पाच-सहा सेकंद दोघांनीही काही केलं नाही की लढाई संपल्याचं गेम मानतो आणि तुम्ही पुन्हा स्टेल्थमध्ये जाऊ शकता. पुन्हा १०० एनर्जी, पुन्हा चीप शॉट. पण यासाठी ब्लाइंडिंग पावडर लागते आणि व्हॅनिशसाठी फ्लॅश पावडर. त्या पिशवीत असाव्या लागतात! एका शनिवारी, पहिल्यांदाच मित्र वीस टक्क्यांवर आलेला असताना, मी ब्लाइंड दाबला आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत साहित्य नसल्याचं आलं. त्यानं मला मेंढी केलं आणि शांतपणे पट्टी बांधत बसला. हसण्याचा आवाज हेडफोनमधून घरभर गेला असेल.

ब्लाइंड, व्हॅनिश, स्प्रिंट, इव्हेजन, सगळ्यांचे कूलडाउन पाच मिनिटांचे. क्लासिकमध्ये ड्युएल संपलं म्हणून ते परत मिळत नाहीत. त्यामुळे एक ड्युएल दीड मिनिटाचं आणि मग पाच मिनिटं दरवाजाबाहेर नुसतं बसायचं. त्या पाच मिनिटांत आम्ही बोलायचो. ऑफरचं काय झालं, घरी काय म्हणतात, वडील विचारतात का. समोरासमोर असतो तर त्यानं यातलं काही सांगितलं नसतं. मी विचारलंही नसतं. "झाले का तुझे कूलडाउन?" असं त्यानं विचारलं की समजायचं, आता या विषयावर पुरे. एकदा माझे झाले होते तरी मी "अजून दोन मिनिटं" म्हणालो.

नोव्हेंबरात त्याला दुसरीकडे नोकरी लागली. त्याआधीच्या शनिवारी मी पहिल्यांदा सरळ जिंकलो. टिक बघून ओपन, ब्लिंक दगडावर आदळला, पाच पॉइंटची किडनी, एनर्जी धरून गाऊज, आणि दुसऱ्या कास्टला किक. तो म्हणाला, "पावडर तपासून आलास वाटतं."

तर श्रोते मित्रा, या आठवड्यात एवढंच कर. किडनी चालू असताना सिनिस्टर स्ट्राइकच्या बटणावरून बोट उचलून ठेव. दहा ड्युएल हरशील, हरकत नाही. दर वेळी किडनी संपताना एनर्जी किती उरली तो आकडा कागदावर लिही आणि मला पाठव. पुढच्या भागात वॉरसाँग गल्चमध्ये झेंडा घेऊन पळणाऱ्याला रोगनं कसं गाठायचं ते बोलू, आणि तोपर्यंत तुझे आकडे आले तर तेही वाचून दाखवतो.