नरिमन पॉइंट की बेलापूर?

गेल्या दिवाळीत माझा भाचा सांवेरला आमच्याकडे आला, तो एक प्रश्न घेऊनच. रुग्णालयांसाठी संगणक-प्रणाली तयार करण्याचा त्याचा व्यवसाय मुंबईत आता बऱ्यापैकी रुजला आहे; हाताखाली चौदा माणसे आहेत. "मामा, नरिमन पॉइंटला लहानशी जागा मिळते आहे आणि तेवढ्याच भाड्यात बेलापूरला चांगली ऐसपैस. तुम्ही मुंबईत शिकलात. कुठे जाऊ?"

सांवेरात दवाखाना बाजारात थाटावा की बसस्थानकाजवळ, याहून मोठा पेच मला कधी पडला नव्हता. बालरोगतज्ज्ञाला कचेरीच्या जागेतले काय कळणार? पण हीच निवड साठेक वर्षांपूर्वी साऱ्या मुंबईपुढे उभी होती, आणि ती कशी झाली हे पाहण्याजोगे आहे.

मुंबई म्हणजे दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली चिंचोळी भूमी. कचेऱ्या दक्षिण टोकाला, माणसे उत्तरेला. त्यामुळे सारा लोंढा सकाळी एका दिशेने, सायंकाळी उलट. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकातून सुचविले की, टोकाला आणखी भार घालण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. शासनाने ते तत्त्वतः मानले. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पनवेल खाडीकाठचे बेलापूर पुढे नव्या शहराचे व्यापारी केंद्र ठरले. मूळ कल्पनेचा प्राण मात्र एकच होता : राज्यशासनाने आपल्या कचेऱ्या आधी तिकडे न्याव्यात, मग व्यापारी आपसूक येतील.

शासन गेले नाही. त्याच काळात बॅकबेच्या समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभे राहत होते. १९७४ मध्ये तेथे एअर इंडियाची इमारत झाली, १९८१ मध्ये विधान भवनही तेथेच आले. ज्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे नाव त्या जागेला आहे, त्यांनीच १९२०च्या दशकात बॅकबे भराव योजनेतील गैरकारभारावर कोरडे ओढले होते! त्यापायी अब्रुनुकसानीच्या खटल्याला तोंड देऊन ते निर्दोष सुटले होते.

इकडे वाशीला लोकल पोहोचायला १९९२ उजाडले आणि बेलापूरला १९९३. त्या सुमारास मी मुंबईत एम.डी. करीत होतो. वजन न वाढणाऱ्या एका मुलाला घेऊन आईवडील कल्याणहून आले होते. मूल किती वेळा जेवते, कधी झोपते, असे मी वडिलांना विचारले, की ते प्रत्येक वेळी पत्नीकडे पाहत. शेवटी ओशाळून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सव्वासहाला निघतो, साडेनऊला येतो. मला हा झोपलेलाच दिसतो." त्यांची कचेरी नरिमन पॉइंटला होती. केसपेपरवर ही माहिती लिहिण्यास रकाना नव्हता.

भाच्याला मी ही हकीकत सांगितली. तो हसला. म्हणाला, "ते दिवस गेले, मामा." काही अंशी खरेच आहे. कोकण रेल्वेचे मुख्यालय बेलापूरला आहे, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे. २००४ पासून ठाण्याहून थेट वाशीकडे लोकल धावते, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ. नरिमन पॉइंटचा पूर्वीचा दिमाख बराचसा मिठीकाठच्या वांद्रे-कुर्ला संकुलाने नेला. तरी शासनाचे मन तेथून काही निघत नाही : एअर इंडियाची तीच इमारत राज्यशासनाला देण्यास २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली.

भाच्याची अडचण वेगळीच होती. "रुग्णालयांचे विश्वस्त आधी पत्ता वाचतात, मग आम्हांला," तो म्हणाला. हे मी खोडून काढू शकलो नाही. आपल्यातही पाटीवरचा रस्ता पाहून डॉक्टरची पारख करणारे कमी नाहीत. तेव्हा माझ्या पत्नीने कागद पुढे केला आणि म्हणाली, "विश्वस्त वर्षातून कितीदा येणार? रोज येणारे कुठे राहतात ते लिही बघू." चौदांपैकी पाच जण खारघर-पनवेलचे, चार ठाण्याचे, दोन डोंबिवलीचे निघाले. दोघे चेंबूरचे. बेलापूरला जाताना त्यांना गर्दीच्या उलट दिशेची गाडी मिळणार होती. उरल्या गिरगावच्या हिशेबनीस बाई. नरिमन पॉइंट त्यांना पायी जाण्याच्या अंतरावर. भाचा त्या नावापाशी बराच वेळ थांबला. व्यवसायाच्या पहिल्या दिवसापासून त्या त्याच्याबरोबर होत्या.

त्याने बेलापूरची जागा घेतली. बाईंना आठवड्यातून दोनच दिवस यावे, बाकी काम घरून करावे, असे त्याने सुचवून पाहिले. दोन महिने त्या आल्या, मग त्यांनी राजीनामा दिला. परवा त्याचा फोन आला होता. नव्या जागेत सर्वांचे ठीक चालले आहे, स्वतः तो सातला घरी पोहोचतो, मुलगी जागी असते. पण बोलता बोलता म्हणाला, "मामा, बाईंना निरोप द्यायला मी गिरगावात गेलो होतो. त्यांनी चहा केला, आणि नव्या जागेविषयी एक अक्षर विचारले नाही."