कंपन्या राजकारणात नाहीत, असे कोण म्हणतो?

नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी दिल्लीत आले होते. महिला पत्रकार व कार्यकर्त्यांशी बैठक झाल्यावर त्यांनी हातात एक फलक घेऊन छायाचित्र काढले. ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, असा त्यावरचा मजकूर. फलक एका दलित कार्यकर्तीने दिलेला. झाले! प्रस्थापितांनी एकच गहजब केला. ही कंपनीची किंवा डॉर्सींची भूमिका नाही, असा खुलासा कंपनीने लगेच केला. एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी तर माफीही मागून टाकली. कंपनीने निःपक्षपाती राहायला हवे, असे त्यांचे म्हणणे.

या निःपक्षपातीपणाचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. २००४ साली केंद्रातील आघाडी सरकारच्या किमान समान कार्यक्रमात खासगी क्षेत्रातील आरक्षणाचा मुद्दा आला, तेव्हा ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ म्हणणारे उद्योगपती एका रात्रीत बोलके झाले. गुणवत्तेचे गोडवे सुरू झाले. सीआयआय आणि असोचॅम या उद्योगपतींच्या संघटनांनी टाटा स्टीलचे माजी व्यवस्थापकीय संचालक जे. जे. इराणी यांच्या नेतृत्वाखाली कृतिदल नेमले. त्याचा अहवाल २००६ मध्ये आला. कायदा नको, आम्ही स्वेच्छेने काय ते करू, हा त्याचा मथितार्थ. ही राजकीय भूमिका नव्हे तर काय? पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातील जाहिराती पाहून खासगी कंपन्यांकडे अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीयाच्या तुलनेत दोन तृतीयांशच भरली. आडनाव वाचणारी ही कसली गुणवत्ता?

तोंडाने न बोलता तिजोरीने घेतलेली भूमिका तर याहून जुनी आहे. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटांच्या पोलाद कंपनीने आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती करायला घेतली. एका भागधारकाने हरकत घेतली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९५७ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी दुरुस्तीला परवानगी दिली खरी, पण अशा पैशाने लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशाराही दिला. (वकिलीत आलेल्या आपल्या तरुणांनी हा निकाल मुळातून वाचावा.) १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१७ मध्ये तर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि कोणत्या पक्षाला पैसा दिला हे सांगण्याची अटही काढली. त्यातून निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. मग याद्या बाहेर आल्या. सर्वांत मोठा खरेदीदार कोण, तर लॉटरीचा धंदा करणारी कंपनी, १,३६८ कोटींची! सर्वाधिक वाटा मिळाला केंद्रातील सत्ताधारी भाजपला.

तेव्हा कंपन्यांनी भूमिका घ्यावी की नाही, हा वादच फसवा आहे. त्या घेतातच, आपली मागणी ती उघडपणे, सहीनिशी घेण्याची असली पाहिजे. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हे ओळखले होते. सरकारचा अंकुश निघाला की कामगाराच्या वाट्याला स्वातंत्र्य येत नाही, मालकाची हुकूमशाही येते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे, खासगी कंपनीच्या दारात ते थांबते. तिथे कंपनीची स्वतःची आचारसंहिता हाच कागद हाती उरतो. अ‍ॅपलने २०२० च्या सुमारास आपल्या आचारसंहितेत ‘जात’ हा शब्द घातला. हिंजवडीत, ऐरोलीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आपापल्या कंपनीची आचारसंहिता उघडावी. त्यात धर्म, वंश, लिंग सापडेल. जात आहे का, ते पाहावे, आणि नसेल तर का नाही, हे एचआरला लेखी विचारावे. एकट्याने नको, चारपाच जणांच्या सहीने.