अलास्काचा आराखडा लेकीच्या हाती

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपण सहलीला घेऊन जातो आणि ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली की रागावतो. विमान आपण ठरवलेलं असतं, हॉटेल आपण निवडलेलं असतं, सकाळी किती वाजता उठायचं तेही आपणच सांगतो. अशा सहलीत मुलांनी स्वतःचं म्हणावं असं काहीच नसतं. माझं ठाम मत आहे की या वयाच्या मुलांबरोबर जंगलात जायचं असेल, तर निम्मा आराखडा त्यांनी करावा आणि तो खरोखर पाळला जावा. जंगल ही त्यासाठी उत्तम जागा आहे. तिथले नियम आईबाबांनी केलेले नसतात. अस्वलापासून किती अंतर ठेवायचं, हे आईलाही तितकंच बंधनकारक असतं.

मी मूळची नागपूरची. नागझिरा आणि पेंच ही माझी शाळेच्या सुट्टीतली जंगलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वडिलांबरोबर मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद केली, तेव्हा गप्प बसून वाट पाहणं म्हणजे काय ते कळलं. आता बरीच वर्षं सिएटलजवळ राहते. इथून अँकरेज विमानानं साडेतीन तासांवर. लेक पंधरा वर्षांची झाली, तेव्हा ऑगस्टच्या उत्तरार्धात आम्ही दोघीच अलास्काला गेलो. त्या सहलीची आखणी कशी केली आणि तशी का केली, ते सांगते.

आधी काटछाट

अलास्काचं क्षेत्रफळ सतरा लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे साडेपाच महाराष्ट्र बसतील एवढं. लोकसंख्या मात्र सात लाखांच्या थोडी वर. बऱ्याच ठिकाणी रस्ताच जात नाही. छोटं विमान किंवा बोट हाच मार्ग. त्यामुळे ‘अलास्का पाहून येऊ’ असं म्हणण्यात अर्थ नाही. कुठे जायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

हे काम मी लेकीकडे दिलं. तिनं भिंतीवर नकाशा लावला, आवडलेल्या सगळ्या जागांवर खुणा केल्या आणि मग एकेक खूण काढत गेली. शेवटी दोन उरल्या: आतल्या बाजूचं डेनाली राष्ट्रीय उद्यान आणि दक्षिण किनाऱ्यावरचं सेवर्ड हे बंदर. अँकरेजपासून डेनालीचं प्रवेशद्वार सुमारे ३८० किलोमीटर, तर सेवर्ड दुसऱ्या दिशेला सुमारे २०० किलोमीटर. दोन्हीकडे उन्हाळ्यात अलास्का रेलरोडची गाडी जाते. एका मुक्कामी टुंड्रा, दुसऱ्या मुक्कामी समुद्र आणि हिमनदी, आणि प्रत्येक ठिकाणी निदान तीन-चार रात्री.

रात्री वाढवण्याचं कारण हवामान. ६,१९० मीटर उंचीचा डेनाली पर्वत बहुतेक दिवस ढगांत असतो आणि समुद्र खवळला की बोटी वाट बदलतात किंवा निघतच नाहीत. एकाच दिवसावर सगळी भिस्त ठेवली, तर पावसानं सहल बुडते. हाताशी जादा दिवस असला की तोच पाऊस निवांत झोपेची सबब होतो.

कोणता महिना?

डेनालीच्या बसगाड्या साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धावतात. जूनमध्ये अँकरेजला एकोणीस तासांहून जास्त उजेड असतो आणि मूस या थोराड हरणांची नवी पिल्लं दिसतात. पण जून-जुलै हे डासांचेही महिने. ऑगस्टच्या शेवटी डास ओसरतात, टुंड्रा लाल-पिवळी होते, ब्लूबेरी पिकतात आणि रात्र पुरेशी काळी झाल्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसण्याचीही शक्यता असते. थंडी मात्र असते.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या वेळापत्रकात बसवायचं तर जूनचा पहिला पंधरवडा सोयीचा. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे आमच्याकडच्यांना आणखी थोडी सवड मिळते. दिवाळीच्या सुट्टीत अलास्कातल्या या ठिकाणांचा हंगाम संपलेला असतो. त्या दिवसांत कॅनडातलं चर्चिल हे हडसन उपसागराकाठचं गाव पाहण्यासारखं आहे. समुद्र गोठण्याची वाट पाहत ध्रुवीय अस्वलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या किनाऱ्यावर जमतात. तिथे रस्ता पोहोचत नाही. विनिपेगहून विमान, नाहीतर दोन दिवसांची रेल्वे. भारतातून निघणाऱ्यांनी आधी व्हिसाची तारीख मिळवावी आणि मगच बाकीची जुळवाजुळव करावी.

घरबसल्या अस्वलांची ओळख

तयारीतला सगळ्यात मोलाचा भाग आम्ही घरातच केला. अलास्काच्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधबा आहे. जुलैत सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत वर येतात आणि तपकिरी अस्वलं धबधब्याच्या काठावर तोंड उघडून उभी राहतात. तिथे जाणं महागडं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं जावं लागतं आणि उतरल्यावर आधी अस्वलांबरोबर कसं वागायचं याचा वर्ग करावा लागतो. आमच्या खर्चात ते बसत नव्हतं, म्हणून लेकीनं वर्षभर तिथले थेट प्रक्षेपण करणारे कॅमेरे पाहिले. या अस्वलांना क्रमांक आहेत. ४८० क्रमांकाचा ओटिस धावपळ न करता एका जागी बसून मासे पकडायचा. २०१४ पासून होणाऱ्या ‘फॅट बेअर वीक’ या लोकमतात, म्हणजे थंडीसाठी सर्वांत चांगली चरबी साठवणारं अस्वल निवडण्याच्या खेळात, तो चार वेळा जिंकला.

२०२४ च्या जुलैत १२८ क्रमांकाच्या ग्रेझर या मादीचं पिल्लू धबधब्यावरून खाली वाहून गेलं आणि चंक नावाच्या थोराड नरानं त्याच्यावर हल्ला केला. पिल्लू दगावलं. लेकीला ते फार लागलं. तिनं विचारलं, “उद्यानातले लोक मध्ये का पडले नाहीत?” त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत बोलत बसलो. जंगल राखायचं म्हणजे तिथल्या मरणातही हात घालायचा नाही, हे तिनं स्वतःच्या शब्दांत मांडलं. निघण्याआधी ही समज आलेली असणं मला कुठल्याही सामानापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

डेनालीची बस

डेनाली उद्यानाची स्थापना १९१७ ची. सुमारे साडेचोवीस हजार चौरस किलोमीटरच्या या उद्यानात रस्ता एकच, १४८ किलोमीटरचा. खासगी गाडी पहिल्या २४ किलोमीटरांपर्यंतच नेता येते; पुढे उद्यानाची बस. ताडोब्याच्या जिप्सीची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटेल, पण या एका निर्णयामुळे प्राणी रस्त्याला बुजत नाहीत.

बसचे दोन प्रकार आहेत: माहिती सांगणाऱ्या मार्गदर्शकाची आणि साधी ट्रान्झिट बस. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी दुसरी घ्यावी. ती स्वस्त असते आणि त्यातून वाटेत उतरून चालता येतं, नंतर मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढता येतं. प्राणी दिसला की प्रवाशांनीच ‘थांबा’ म्हणून ओरडायचं. बसमध्ये खायला काही मिळत नाही, डबा बरोबर हवा. आरक्षण आदल्या हिवाळ्यातच करून ठेवावं.

हा रस्ता सध्या अर्ध्यावरच थांबतो, आणि त्याचं कारण मुलांना जरूर सांगावं. प्रिटी रॉक्स इथला डोंगरउतार पूर्वी वर्षाला काही इंच सरकायचा. आतला गोठलेला थर वितळू लागला, तसा तो रोज काही इंच सरकायला लागला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रस्ता बंद करावा लागला आणि आता तिथे पूल बांधायला घेतला आहे. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयाकडून ताजी स्थिती विचारून घ्यावी.

सेबल खिंडीजवळ आमच्या बसमध्ये ‘थांबा’ म्हणून ओरडली ती माझी लेकच. चालकानं इंजिन बंद केलं. उतारावर एक ग्रिझ्ली अस्वल होतं. पाठ गवताच्या रंगाची, पाय गडद. सोपबेरीची लाल फळं खाण्यात ते गुंगलं होतं. फांदी पंजानं वाकवायची, दातांत धरायची आणि मान बाजूला ओढायची, की फळं तोंडात आणि काडी मोकळी. पंजाची नखं माणसाच्या बोटाएवढी, पण फांदी मोडत नव्हती. लेकीनं दुर्बीण खाली ठेवली आणि विचारलं, “ब्रुक्सच्या अस्वलांपेक्षा हे इतकं लहान का?” दोन्ही एकाच जातीची. समुद्रकाठच्या अस्वलांना सॅमन मिळतो. तिथले मोठे नर शरदात साडेचारशे किलोंच्या वर जातात. डेनालीचं अस्वल मुख्यतः मुळं, गवत आणि फळांवर जगतं, त्यामुळे अंगानं कमी भरतं. वर्षभर कॅमेरे पाहिले होते, म्हणूनच हा प्रश्न तिला पडला.

नियमांची जबाबदारी

सुरक्षेचे नियम वाचून ते मला समजावून सांगण्याचं काम लेकीचं होतं. डेनालीत अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर लांब राहायचं. मूस, कॅरिबू यांच्यापासून किमान २५ यार्ड. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. शांतपणे बोलत, हात हलवत हळूहळू मागे सरायचं. मूस अंगावर आला तर मात्र पळायचं आणि झाडाआड व्हायचं. पिल्लू बरोबर असलेली मूसची मादी फार चिडखोर असते. टुंड्रावर पायवाट नसेल तिथे रांगेनं चालायचं नाही, पांगून चालायचं, म्हणजे एकाच जागचा झाडोरा तुडवला जात नाही.

अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही, ना हातातल्या सामानात ना खालच्या. तो अँकरेजला विकत घ्यावा. सेफ्टी क्लिप कशी निघते याचा, न फवारता, दोघींनी सराव केला. थेपले, दशम्या, चिवडा हे सगळं बरोबर होतं. पण वासाची कुठलीही वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, तंबूत ठेवायची नाही. ती अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात किंवा पेटीतच जाते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की त्या अस्वलाला बहुधा जीव गमवावा लागतो. आपल्या चिवड्याची पुडी एखाद्या जिवाचा निकाल लावू शकते, हे मुलांना बरोबर कळतं.

सेवर्ड: वर्षांच्या पाट्या

सेवर्डहून केनाई फिओर्ड्सच्या बोटी सुटतात. देवमासे, समुद्री पाणमांजरं, सी लायन आणि रंगीत चोचीचे पफिन पक्षी दिसतात. उपसागर ओलांडून बोट बाहेर पडली की चांगलीच हलते; मळमळीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी.

पण मला आग्रहानं सुचवायची आहे ती एक्झिट हिमनदी. तिथे जाताना वाटेवर वर्षांच्या पाट्या लागतात: त्या वर्षी बर्फ इथवर होता. १९१७ ची पाटी आली, पुढे १९५१. लेक तिथे थांबली, कारण तिच्या आजोबांचा जन्म त्याच वर्षाचा. मग बरंच चालल्यावर २०१०, तिचं स्वतःचं जन्मवर्ष. तिथून समोर पाहिलं तर बर्फ कितीतरी मागे, उघड्या खडकांच्या पलीकडे. आजोबांपासून नातीपर्यंतचं अंतर तिनं पायांनी मोजलं. हवामानबदलावरचे धडे शाळेत झाले होतेच, पण त्या दिवशी परत येताना ती वाटभर वर्षांची वजाबाकी करत होती.

साहस आणि परत फिरणं

या वयाच्या मुलांना अलास्का म्हटलं की ख्रिस्तोफर मॅकँडलेसची गोष्ट ठाऊक असते. १९९२ मध्ये चोवीस वर्षांचा हा तरुण डेनालीच्या उत्तरेला एका सोडून दिलेल्या बसमध्ये एकटा राहिला. परत निघाला तेव्हा टेकलानिका नदी फुगलेली होती. तो मागे फिरला आणि त्या बसमध्येच मरण पावला. जॉन क्राकाउअर यांच्या पुस्तकामुळे आणि पुढे चित्रपटामुळे ती बस तीर्थस्थान झाली. तिथे जाताना आणखी जीव गेले, म्हणून २०२० मध्ये हेलिकॉप्टरनं ती उचलून नेण्यात आली. हा विषय टाळू नये. एकट्यानं दूर जाण्याची ओढ मुलांच्या मनात असतेच. तिला हिणवण्यापेक्षा उन्हानं बर्फ वितळून हिमनद्यांचं पाणी दुपारनंतर कसं चढतं, सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी का अडवतो, हे शिकवलेलं बरं.

डेनालीतल्या शेवटच्या दिवशी आम्ही एका ओढ्याकाठानं चाललो होतो. पुढच्या वळणावर वाळूत अस्वलाच्या पायांचे ताजे ठसे होते आणि पलीकडे दाट झुडपं. मला वाटलं, आवाज करत थोडं पुढे जाता येईल. लेक म्हणाली, “आई, पलीकडचं काही दिसत नाही. परत फिरू.” मी वाद घातला नाही, आम्ही फिरलो. परतीची जागा ठरवण्याचा अधिकार तिचा, हे आमच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. एवढा एक नियम प्रत्येक घरानं करावा: जंगलात मुलानं ‘नको’ म्हटलं, तर मोठ्यांनी पाऊल मागे घ्यायचं. उद्या ही मुलं आपल्याशिवाय डोंगरात, नदीवर, रस्त्यावर जाणार आहेत. तेव्हा त्यांच्या कामी येणार आहे ती आपण एकदा खरी मानलेली त्यांची पारख.