कोलोऱ्हा : भाकीत, इतिहास आणि कादंबरी

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील म्नकुमा ही २००० साली अस्तित्वात आलेली, खोसाभाषक, बहुतांशी ग्रामीण नगरपालिका होय. तिच्या हद्दीतील कोलोऱ्हा हे समुद्रकाठचे गाव तौलनिक साहित्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते.

वसाहतवाद्यांशी झालेल्या युद्धांत जमिनी गेलेल्या आणि १८५३ पासून युरोपातून आलेल्या फुप्फुसरोगाने गुरे मरू लागलेली, अशा काळात १८५६ साली नोंगकावुसे या किशोरवयीन मुलीने पूर्वजांचा निरोप सांगितला : गुरे मारा, धान्य नष्ट करा, पेरणी थांबवा, मृत पूर्वज निरोगी गुरांसह परततील. राजा सारिली यानेही त्यावर विश्वास ठेवला. भाकीत फोल ठरले. इतिहासकार जे. बी. पायर्स यांच्या अंदाजानुसार सुमारे ४ लाख गुरे मारली गेली आणि सुमारे ४०,००० माणसे उपासमारीने मेली.

झेक्स म्दा यांच्या ‘द हार्ट ऑफ रेडनेस’ (२०००) या इंग्रजी कादंबरीत हाच किनारा दोन काळांत दिसतो. श्रद्धावान व अश्रद्ध यांच्यातील जुनी फूट वर्णभेदोत्तर कोलोऱ्ह्यातही टिकून आहे. मात्र आता वाद आहे तो कॅसिनोच्या प्रकल्पाचा. विशेष म्हणजे येथे विकासाचे आश्वासन हेही एक भाकीतच ठरते आणि श्रद्धावान त्याचे विरोधक होतात. शीर्षकातील ‘लाली’ परंपरानिष्ठ खोसांच्या गेरूची. कॉनरॅडच्या ‘अंधारा’ला दिलेले ते उत्तर होय. श्रद्धा म्हणजे अज्ञान, हे समीकरण कादंबरी अशा रीतीने मोडीत काढते.