औषधाचे इवले वाहन

सोलापूरची कडक भाकरी तुम्ही खाल्ली असेल. पापडासारखी पातळ व खडखडीत वाळलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते. ताजी भाकरी मात्र दोन-तीन दिवसांतच बुरसू लागते. पीठ तेच; फरक पडतो तो पाण्यामुळे. आपल्या आज्यांना ठाऊक असलेली ही युक्ती शास्त्रज्ञांनी एका नाजूक औषधासाठीही योजिली आहे.

'एमआरएनए' हा रेणू म्हणजे पेशीला धाडलेली जणू चिठ्ठीच होय. अमुक प्रथिन तयार कर, असा निरोप तीत असतो. परंतु हा रेणू शरीरात एकटा सोडला, तर तो पेशीत पोहोचण्यापूर्वीच तुटून जातो. म्हणून त्याला स्निग्ध पदार्थांच्या नॅनोकणांबरोबर पाठवितात. मीटरचे १०० कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण सुमारे १०० नॅनोमीटर रुंद असतात. केसाच्या जाडीत असे कित्येक शेकडा कण ओळीने मावतील!

पण वाहनच मोडले तर? आमटीवरील तेलाचे लहान थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. या कणांनाही तीच खोड असते. शिवाय पाण्यात एमआरएनएची साखळी हळूहळू तुटत राहते, आणि उष्णतेने हे सारे अधिकच लवकर घडते. म्हणूनच २०२० साली परदेशात निघालेली कोविडची अशी एक लस उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागे. उन्हाळ्यात ४० अंशांहून अधिक तापणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील खेड्यात एवढी थंडी कोठून आणावी?

पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने अशी लस कोरड्या भुकटीच्या रूपात तयार केली. उन्हात किंवा आचेवर ती वाळविणे शक्यच नव्हते. अशा वेळी औषध प्रथम गोठवितात आणि मग भोवतालची हवा पंपाने काढून घेतात. तेव्हा बर्फ न वितळताच वाफ होऊन निघून जातो. गोठताना कण एकमेकांस चिकटू नयेत म्हणून अशा मिश्रणांत बहुधा साखर घालतात. गोड करण्यासाठी नव्हे, हे सांगावयास नकोच!

जून २०२२ मध्ये या लशीला भारतात आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. तिला २ ते ८ अंश तापमान पुरते. लहान मुलांच्या नेहमीच्या लशी ज्या शीतकपाटात ठेवतात, त्यातच ही कुपीही राहू शकते. देण्याच्या वेळी भुकटी द्रवात मिसळावयाची. मात्र एकदा द्रव मिसळला, की मग ती फार काळ ठेवून चालत नाही.