पिंपरी-चिंचवड व चाकण भागांतील शेतकरी घराण्यांच्या सोयरिकी

सरदार, देशमुख व संस्थानिक यांच्या वंशावळी पुष्कळ छापल्या गेल्या आहेत. नांगर धरणाऱ्या घराण्यांकडे संशोधकांचें लक्ष त्या मानानें फार थोडें गेलें. चिंचवडचे चिंचवडे, पिंपरीचे वाघेरे, भोसरीचे लांडगे, थेरगांवचे बारणे, वाकडचे कलाटे अशी गांव व आडनांव यांची जोडी या भागांत सर्वांच्या तोंडीं आहे. अशा घराण्यांत पंचक्रोशींतल्या लेकी देण्याघेण्याचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. या सोयरिकींचा माग कोणत्या कागदांवरून काढतां येतो, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

इंग्लंडांत खेडेगांवच्या शेतकरी घराण्यांचा शोध घेणाऱ्यास इ. स. १५३८ पासूनच्या चर्चच्या नोंदवह्या उपयोगी पडतात. त्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन हे तिन्ही प्रसंग नोंदले जात. विवाहाच्या नोंदींत वधूचें माहेरचें आडनांव आलें कीं दोन घराणीं एका ओळींत जोडलीं जातात. आपल्याकडे कुणब्याचें लग्न गोताच्या साक्षीनें लागे; तें वहींत मांडून ठेवण्याचें कारण कोणास पडत नसे. त्यामुळें येथील संशोधकास भलत्याच कामासाठीं लिहिलेल्या कागदांतून सोयरीक हुडकावी लागते.

पहिलें साधन जमिनीचें. एल्फिन्स्टन यांच्या इ. स. १८१९ च्या अहवालांत व कर्नल साइक्स यांच्या इ. स. १८३५ च्या निबंधांत दख्खनच्या मिरासी जमिनींचें वर्णन आहे. गांवची जमीन थळांत वाटलेली असून थळास मूळ घराण्याचें नांव असे. घराणें बुडालें तरी नांव जमिनीस चिकटून राही. अशा जमिनीस गतकुळी म्हणत. म्हणून थळझाडा हा गांवच्या घराण्यांचा सर्वांत जुना पट होय. थळाचें नांव एक आणि वाहणारा दुसऱ्या आडनांवाचा असें दिसलें, तर जमीन विकत गेली, पडीक पडून नव्या कुळास मिळाली, कीं घरजांवयाकडे गेली, हा प्रश्न लगेच विचारावा. सोयरिकीचा धागा पुष्कळदां येथेंच हातीं लागतो.

दुसरें साधन वतनाचें. पाटीलकीच्या तंट्यांतले महजर, इ. स. १८५२ च्या कायद्यानें अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनपुढील कैफियती आणि इ. स. १८७४ च्या वतन कायद्यानंतरचे वारसतपास यांत वंशावळी मिळतात. परंतु त्या तंटा जिंकण्यासाठीं लिहिलेल्या असतात, हें विसरूं नये. निपुत्रिक चुलता गळतो, दत्तक औरस होतो, लेकी तर बहुधा नसतातच. यास्तव वादी व प्रतिवादी या दोघांच्याही वंशावळी शेजारीं ठेवून वाचाव्या. दोघांसही मान्य असलेला भाग तेवढा पायाचा धरावा.

स्त्रियांच्या नांवाची अडचण निराळीच. मोडी कागदांत ‘बिन’ म्हटलें कीं बाप कळतो, ‘कोम’ म्हटलें कीं नवरा कळतो. माहेर कळण्यास शब्दच नाहीं. त्यांतून लग्नांत नांवही बदलण्याची चाल. तथापि चोळीबांगडीसाठीं लेकीस दिलेली जमीन, आंदणाची याद, विधवेची पोटगी किंवा दत्तकपत्र असा कागद मिळाला, तर माहेर व सासर हीं दोन्ही घरें एकदम उजेडांत येतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अवश्य पाहाव्या.

देहूचें उदाहरण बोधप्रद आहे. लोहगांव हें तुकोबांचें आजोळ, अशी परंपरा आहे. त्यांच्या लेकी मोझे, गाडे व जांभूळकर या घराण्यांत दिल्या असें महीपति सांगतात. पैकीं मोझे लोहगांवचे व गाडे येलवाडीचे. म्हणजे एक लेक आजोळच्या गांवीं गेली व दुसरी शेजारच्याच गांवीं. ही गोष्ट येथील सोयरिकींच्या घडणीस जुळते. परंतु भक्तलीलामृत इ. स. १७७४ चें, तुकोबांच्या निर्याणानंतर सुमारें सव्वाशें वर्षांचें. तेव्हां तें परंपरेचा पुरावा म्हणून घ्यावें. समकालीन कागदाचें वजन त्यास देऊं नये.

आडनांव एक म्हणून कूळ एक असेंही समजूं नये. कुळी व देवक विचारल्यावांचून एका आडनांवाचीं दोन घरें एका वंशवृक्षांत घालणें धोक्याचें आहे. त्या दोन घरांत पूर्वी सोयरीक झाली असेल, तर भाऊबंदकीचा दावा तेथेंच संपतो.

विसाव्या शतकासाठीं सर्वांत उत्तम साधन तलाठ्याच्या फेरफार-वहींतील वारसनोंदी होत. इ. स. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें लेकींस वांटा मिळाला. महाराष्ट्रांत १९९४ च्या व सर्व देशांत २००५ च्या दुरुस्तीनें तो वडिलोपार्जित मिळकतींत लेकाच्या बरोबरीचा झाला. पिंपरीस १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें चाकणपर्यंत शेतांचे कारखाने झाले. जमिनीस मोल येतांच लेकीबहिणींचीं हक्कसोडपत्रें लिहिलीं जाऊं लागलीं. ज्या कागदानें तिनें हक्क सोडला, त्याच कागदांत तिचें माहेर व सासर प्रथमच एकत्र नोंदलें गेलें. शेकडों वर्षें वंशावळींत न आलेली लेक संशोधकास भेटते ती अशी, निरोप घेतांना.

आतां संग्राहकांस एक विनंति. या भागांतले जुने वाडे पाडले जात आहेत आणि रुमाल रद्दींत किंवा बाजारांत जात आहेत. इ. स. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळें मोडी कागदांची विचारपूसही वाढली आहे. शिक्क्याचा किंवा थोर नांवाचा एक कागद उचलून बाकीचे टाकणें हें सोयरिकींच्या इतिहासास मारक आहे. पोटगीची याद व लग्नखर्चाचा ताळेबंद यांना बाजारांत किंमत नसते. परंतु लेक कोठें दिली हें त्यांतच असतें. रुमाल फोडूं नये. तो कोणत्या गांवच्या, कोणत्या घरांतून आला, हें त्याच दिवशीं चिठीवर लिहून आंत ठेवावें. घराचें नांव हरवलेला कागद वाचतां येईल, पण त्यांतली लेक कोणाची हें सांगण्यास मग कोणी उरणार नाहीं.