लहान चणीच्या पाळीव श्वानांमधील आक्रमक वर्तन आणि नर-मादी भेद : एक विवेचन

बीजसंज्ञा : श्वानवर्तन, आक्रमकता, भीती, लिंगभेद, संप्रेरके, निर्बीजीकरण

प्रस्तावना

शहरातील सदनिकांमध्ये श्वान पाळण्याची आवड वाढली, तसतशी लहान चणीच्या जातींना मागणी वाढत गेली. पोमेरेनियन, डॅशहुंड, पग, शिहत्झू, ल्हासा ॲप्सो, चिवावा या जातींची नावे आज मध्यमवर्गीय घरांना अपरिचित राहिलेली नाहीत. जागा कमी लागते, खर्च मर्यादित असतो आणि लहान श्वान 'निरुपद्रवी' असतो, ही या निवडीमागील सर्वसाधारण कारणे होत. यांपैकी पहिली दोन कारणे मान्य करण्यास हरकत नाही. तिसरे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. पाहुण्यांवर भुंकत धावून जाणारा, खाण्याच्या भांड्याजवळ हात नेताच गुरगुरणारा, मांडीवरून उतरवताना चावा घेणारा लहान श्वान अनेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या या वर्तनाकडे बहुधा हसण्यावारी नेले जाते. ते हसण्यावारी नेणे शक्य होईनासे झाले की पालकांकडून एक ठरावीक प्रश्न विचारला जातो : 'नर घेतला म्हणून असे झाले का? मादी घेतली असती तर बरे झाले असते का?'

या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध संशोधनाच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. नर अधिक आक्रमक की मादी, हा प्रश्न या स्वरूपात विचारला असता त्याचे उपयुक्त उत्तर मिळत नाही. आक्रमकता कोणत्या प्रकारची आहे, हे प्रथम निश्चित करावे लागते, असे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

आक्रमकता : संकल्पना व प्रकार

आक्रमकता हा श्वानाच्या स्वभावाचा एकजिनसी गुण नाही. दुसऱ्या प्राण्याला दूर ठेवणे, एखादी वस्तू आपल्याकडे राखणे किंवा धोका टाळणे यांसाठी वापरली जाणारी ती एक वर्तनपद्धती आहे. तिचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील : भीतीतून निर्माण होणारी आक्रमकता, घर, अंगण वा वाहन यांच्या रक्षणासाठी दाखवली जाणारी क्षेत्ररक्षक आक्रमकता, अन्न, खेळणे किंवा व्यक्ती यांवरील ताबा राखण्यासाठीची आक्रमकता, वेदनेमुळे उद्भवणारी आक्रमकता, समलिंगी श्वानांमधील स्पर्धा, आणि पिलांच्या रक्षणासाठी मादीने दाखवलेली मातृत्वजन्य आक्रमकता.

चावा ही या वर्तनाची शेवटची पायरी असते. तत्पूर्वी श्वान मान वळवतो, ओठ चाटतो, कान मागे घेतो, अंग ताठ करतो, दात विचकतो, गुरगुरतो. या सूचना वाचल्या गेल्या तर बहुतेक प्रसंग तेथेच निवळतात. त्या दुर्लक्षिल्या गेल्या, अथवा गुरगुरल्याबद्दल श्वानाला मार बसला, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावू शकतो.

लहान आकार आणि आक्रमकता : संशोधनातून काय दिसते?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेम्स सर्पेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सी-बार्क' ही प्रश्नावली विकसित केली. तिच्या आधारे डेबोरा डफी, युयिंग ह्सू आणि सर्पेल यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसांना चावण्याचे वा चावण्याच्या प्रयत्नांचे प्रमाण ज्या जातींत अधिक आढळले, त्यांत डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर या लहान जातींचा समावेश होता. ही आक्रमकता परक्यांपुरती मर्यादित नसून मालकांच्या बाबतीतही दिसून आली.

व्हिएन्ना येथे बाराशेहून अधिक श्वानपालकांच्या उत्तरांवर आधारित अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात लहान श्वान मोठ्या श्वानांच्या तुलनेत कमी आज्ञाधारक, अधिक उत्तेजित आणि अधिक आक्रमक असल्याचे नोंदवले गेले. २०१३ साली पॉल मॅकग्रीव्ही व सहकाऱ्यांनी आठ हजारांहून अधिक श्वानांच्या माहितीचे विश्लेषण केले. जातीची सरासरी उंची जसजशी कमी होते, तसतसे मालकाविषयीची आक्रमकता, स्पर्शाविषयीची संवेदनशीलता आणि इतर श्वानांची भीती यांसारखे वर्तन वाढते, असे त्यातून दिसले. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली नऊ हजारांहून अधिक शुद्ध जातीच्या श्वानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांविषयीच्या आक्रमकतेशी लहान आकार, वाढते वय, नर असणे, भित्रेपणा, सोबतीला दुसरा श्वान नसणे आणि मालकाचा तो पहिलाच श्वान असणे हे घटक निगडित असल्याचे त्यात आढळले.

निरनिराळ्या देशांत झालेल्या या अभ्यासांतून एक समान सूत्र हाती लागते. लहान आकार आणि आक्रमकता यांचा संबंध हा केवळ लोकसमज नाही.

कारणमीमांसा

या संबंधाची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण आनुवंशिक असू शकते. श्वानांचा आकार लहान राहण्यात आयजीएफ-१ या जनुकाच्या एका रूपाचा मोठा वाटा आहे, हे २००७ साली स्पष्ट झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, आकाराशी निगडित असलेल्या या जनुकाच्या भागाचा संबंध मालकाविषयीची आक्रमकता, स्पर्शसंवेदनशीलता आणि विरहजन्य अस्वस्थता यांच्याशीही दिसून आला.

दुसरे कारण श्वानाच्या अनुभवविश्वात शोधावे लागते. तीन किलो वजनाच्या प्राण्याच्या दृष्टीने वाकून उचलणारा माणूस, धावत येणारे मूल किंवा समोरचा मोठा श्वान हा प्रचंड आकाराचा असतो. शिवाय लहान श्वानाला त्याची इच्छा न पाहता वारंवार उचलले जाते, हातोहाती दिले जाते. निघून जाण्याची वाट बंद झाली की दातांचा वापर हाच पर्याय त्याच्यापुढे उरतो.

तिसरे कारण पालकांचे वर्तन होय. व्हिएन्ना येथील अभ्यासात लहान श्वानांच्या मालकांचे वागणे अधिक विसंगत असल्याचे आणि प्रशिक्षण व खेळ यांत ते श्वानाला कमी सहभागी करून घेत असल्याचे आढळले. शिक्षेचा वारंवार वापर आणि आक्रमकता यांचाही परस्परसंबंध दिसला. मोठा श्वान गुरगुरला तर घरातील सर्व जण सावध होतात; लहान श्वान गुरगुरला तर त्याचे कौतुक होते. तीन ते बारा आठवडे हा पिलाच्या सामाजिकीकरणाचा महत्त्वाचा काळ असल्याचे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. या काळात पिलाला वेगवेगळी माणसे, आवाज आणि अन्य श्वान यांचा सुखद परिचय झाला नाही, तर भित्रेपणा बळावतो. लहान पिलू नाजूक समजून घराबाहेर काढले जात नाही, तेव्हा नेमके हेच घडते.

चौथे कारण वेदना. लहान जातींमध्ये दातांचे व हिरड्यांचे विकार आणि गुडघ्याची वाटी सरकणे या तक्रारी विशेषत्वाने आढळतात. अचानक चिडखोर झालेला श्वान प्रत्यक्षात दुखणाईत असण्याची शक्यता असते.

नर आणि मादी : भेदाचे स्वरूप

नर पिलाच्या मेंदूवर जन्मापूर्वी व जन्माच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा प्रभाव पडतो. प्रौढपणी दिसणारे ठिकठिकाणी मूत्राने खुणा करणे, भटकणे, अन्य नरांशी स्पर्धा करणे हे वर्तन या पार्श्वभूमीवर घडते. माणसांविषयीच्या आक्रमकतेतही नरांचे प्रमाण सरासरीने अधिक असल्याचे हेलसिंकी येथील अभ्यासात दिसले. तथापि, त्याच अभ्यासात भित्रेपणाचा परिणाम अत्यंत प्रबळ होता : अतिशय भित्र्या श्वानांत आक्रमकतेची शक्यता अनेक पटींनी वाढलेली आढळली. भीती ही नरमादी दोहोंत असते.

मादीच्या बाबतीत चित्र निराळे आहे. पिले झालेली मादी परक्याला, प्रसंगी घरच्यांनाही जवळ येऊ देत नाही. माज येऊन गेल्यावर सुमारे सहा ते दहा आठवड्यांनी अनेक माद्यांमध्ये छद्मगर्भावस्था दिसते. प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण घटते, प्रोलॅक्टिनचे वाढते आणि पिले नसतानाही मादी एखादे खेळणे वा चपलेचा जोड पिलासारखा जपू लागते. त्या वस्तूला हात लावणाऱ्यावर ती धावून जाते. कारण लक्षात न आल्यास अशा मादीला 'बिघडलेली' ठरवले जाते. वस्तुतः ही अवस्था बहुधा काही आठवड्यांत ओसरते.

एकाच घरात राहणाऱ्या श्वानांमधील भांडणांकडे पाहिले असता आणखी एक बाब लक्षात येते. १९९६ साली अमेरिकेत श्वानांच्या आपसांतील आक्रमकतेच्या ९९ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातील भांडणांत समलिंगी जोड्यांचे आणि त्यांतही मादी-मादी जोड्यांचे प्राबल्य असल्याचे या आणि नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. अर्थात 'मादी शांत असते' हे विधान एका प्रकारच्या आक्रमकतेपुरते खरे ठरले, तरी दुसऱ्या प्रकारात ते टिकत नाही.

निर्बीजीकरणाची मर्यादा

आक्रमक नराचे निर्बीजीकरण केले की तो शांत होतो, असा विश्वास सर्वत्र आढळतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ५७ नरांच्या अभ्यासात भटकणे, मूत्राच्या खुणा करणे आणि अंगावर चढणे या सवयी बहुसंख्य नरांत लक्षणीय कमी झाल्या; आक्रमकतेतील सुधारणा मात्र त्या मानाने थोड्याच नरांत दिसली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, तेरा हजारांहून अधिक श्वानांच्या विश्लेषणात, निर्बीजीकरणामुळे परिचित माणसे वा अन्य श्वान यांविषयीची आक्रमकता कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. मादीच्या संदर्भात १९९० साली ओफॅरेल व पीची यांनी दाखवले की, एक वर्षाच्या आतील ज्या माद्या आधीपासूनच आक्रमक होत्या, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर घरच्यांविषयीची आक्रमकता वाढू शकते.

याचा अर्थ निर्बीजीकरण करू नये, असा नाही. नको असलेली पैदास रोखणे आणि मादीतील गर्भाशयाचा जंतुसंसर्ग टाळणे यांसाठी ते महत्त्वाचे आहेच. मात्र भीतीपोटी चावणाऱ्या श्वानावर तो उपाय नव्हे. भीतीचे मूळ वृषणांत नसते.

निष्कर्षांचा अर्थ लावताना

उपरोक्त अभ्यासांपैकी बहुतेकांचा आधार मालकांनी दिलेली उत्तरे हा आहे. आपल्या श्वानाचे वर्तन मालक सौम्य करून सांगण्याची शक्यता असते. परस्परसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शिक्षेमुळे श्वान आक्रमक होतो, तसेच आक्रमक श्वानाला शिक्षा अधिक होते, असेही असू शकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सारे भेद सरासरीचे आहेत. एखादा नर अत्यंत सौम्य आणि एखादी मादी अत्यंत चिडखोर असू शकते. केवळ लिंगावरून विशिष्ट श्वानाविषयी भाकीत करणे सयुक्तिक ठरत नाही.

जातीच्या बाबतीतही हेच लागू होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने काही 'हिंस्र' जातींवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले; एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले. त्या चर्चेचा रोख मोठ्या, बलदंड जातींवर होता. मोठ्या श्वानाच्या चाव्याने होणारी इजा गंभीर असते, हे नि:संशय. परंतु लहान श्वानाचा चावा नोंदवलाच जात नाही, म्हणून तो घडत नाही असे समजणे चुकीचे होय. विशेषतः लहान मुलाचा चेहरा आणि लहान श्वानाचे तोंड एकाच पातळीवर येतात, हे विसरता येत नाही.

व्यावहारिक सूचना

आपल्याकडे या विषयाला रेबीजचा संदर्भ आहे. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. चावणारा श्वान किती लहान आहे, यावर विषाणू अवलंबून नसतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जाणे हे घरच्या श्वानाच्या चाव्यालाही लागू आहे. श्वानाचे नियमित लसीकरण हे पालकाचे कर्तव्य होय.

वर्तनाच्या बाबतीत क्रम असा असावा : प्रथम पशुवैद्यकाकडून वेदनेची शक्यता तपासून घ्यावी. मग आक्रमकता कोणत्या प्रसंगी, कोणाविषयी आणि माद्यांच्या बाबतीत माजानंतर किती आठवड्यांनी दिसते, याची नोंद ठेवावी. गुरगुरण्याला शिक्षा करू नये, अंतर वाढवावे. श्वानाला मनाविरुद्ध उचलू नये. मुले व श्वान यांना एकत्र एकटे सोडू नये. घरात दुसरा श्वान आणावयाचा असल्यास भिन्नलिंगी जोडीचा विचार करावा. मात्र त्याबरोबर निर्बीजीकरणाचाही विचार करावा लागेल.

समारोप

लहान श्वानांमध्ये आक्रमक वर्तन आढळते आणि नरमादींत काही भेदही आढळतात. परंतु त्या भेदांची दिशा आक्रमकतेच्या प्रकारानुसार बदलते आणि भीती, वेदना, संगोपन या घटकांचे महत्त्व दोन्ही लिंगांत कायम राहते. लिंग आणि जात निवडणे हे श्वान घरी आणताना एकदाच आपल्या हाती असते. त्याच्याशी कसे वागावे, हे मात्र रोज आपल्या हाती असते. वर्तन बिघडले म्हणून रस्त्यावर सोडून दिल्या जाणाऱ्या श्वानांचा विचार करता, त्याचे गुरगुरणे वेळीच समजून घेणे ही माणूस आणि श्वान या दोघांच्याही सुरक्षिततेची पहिली अट आहे.